टपावरचा अँटेना आणि ‘महामार्गभर फुकट वायफाय’चा दावा

एक मेसेज सतत पुढे ढकलला जातो: गाडीच्या टपावर ‘हाय गेन’ वायफाय अँटेना लावा, त्याला बूस्टर जोडा, एक किलोमीटरच्या परिघातली सगळी उघडी नेटवर्क पकडा. मुंबई-पुणे प्रवासात नेट सुरूच राहील, रिचार्जची गरज नाही आणि पासवर्ड नसलेलं नेटवर्क वापरायला बंदीही नाही. यातली अँटेनाची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच लोक फसतात.

‘एक किलोमीटर रेंज मिळते.’ मोकळ्या मैदानात, समोरचा राउटर नजरेच्या टप्प्यात असेल तर मिळू शकते. पण लोकांचे राउटर मैदानात नसतात. 2.4 गिगाहर्ट्झवर नुसत्या हवेतून एक किलोमीटर जाताना सिग्नल साधारण 100 डेसिबल घटतो. घरगुती राउटर 20 डीबीएमने (डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) बोलतो, त्याच्या अँटेनाचे 2 आणि तुमच्या टपावरच्या अँटेनाचे 9 डीबीआय (अँटेनाचा गेन, म्हणजे सिग्नल एकवटायची ताकद) मिळवले, तर तुमच्यापर्यंत उणे 69 डीबीएम पोहोचतं; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमकुवत. छान चालेल. आता मध्ये दोन भिंती धरा. त्यांनी मिळून 25 डेसिबल खाल्ले की उरतं उणे 94, म्हणजे नेटवर्कचं नाव कधी दिसेल, कधी नाही आणि पान उघडणारच नाही. तोच हिशेब 200 मीटरवर उणे 80 च्या आसपास येतो. तिथे संथ, पण चालणारी जोडणी मिळते. अँटेनाचा खरा फायदा एवढाच, आणि तो लहान नाही: गाडीच्या पत्र्याआड बसलेल्या फोनला त्याच ठिकाणी काहीच मिळत नाही.

हा फायदा बहुतेक जण वायरमध्ये घालवतात. स्वस्त अँटेनाबरोबर येणारी आरजी-174 ही बारीक केबल 2.4 गिगाहर्ट्झवर दर मीटरला दोन डेसिबलच्या आसपास गमावते. टपापासून डॅशबोर्डपर्यंत पाच मीटर ओढली की 9 डीबीआयचा अँटेना जवळपास शून्यावर आला. उपाय साधा आहे. वायफायचा रेडिओच, म्हणजे सिग्नल पकडणारं यंत्रच, अँटेनाजवळ न्या. यूएसबी वायफाय अडॅप्टर मागच्या काचेपाशी ठेवा, अँटेनाची केबल एक मीटरच्या आत ठेवा आणि लांबी यूएसबी केबलला द्या. त्यातून रेडिओ सिग्नल नाही, डिजिटल माहिती जाते, त्यामुळे पाच मीटरपर्यंत सिग्नल घटण्याचा प्रश्न येत नाही. विकत घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जोडण्यांत गल्लत करू नका. आटे जुळतात, पण मधली पिन मधल्या छिद्राला भेटतेच असं नाही. अशा वेळी सगळं घट्ट बसलेलं दिसतं आणि सिग्नल मात्र येत नाही.

जास्त डीबीआय म्हणजे जास्त चांगलं, हेही खरं नाही. चहूबाजूंना पसरणाऱ्या अँटेनाचा गेन वाढतो तो उभा पसारा चेपून. 9 डीबीआयला वर-खाली मिळून 15 अंशांच्या आसपास जागा उरते. वीस मीटरवरच्या इमारतीत राउटर दहा मीटर उंचीवर असेल तर तो 27 अंश वर आहे, म्हणजे झोताबाहेर. शहरात 5 डीबीआयचा आखूड अँटेना बरा. एका दिशेचा पॅनेल फक्त उभ्या गाडीसाठी.

‘बूस्टर लावला की दुप्पट.’ बूस्टर मुख्यतः तुमचा आवाज मोठा करतो. राउटरचा आवाज तेवढाच राहतो. जोडणी दोन्ही बाजूंनी लागते, म्हणून कमकुवत बाजूच रेंज ठरवते. शिवाय 2005 च्या नियमांनुसार या पट्ट्यात विनापरवाना मर्यादा अँटेना धरून 4 वॅट, म्हणजे 36 डीबीएम आहे. एक वॅटचा बूस्टर (30 डीबीएम) आणि 9 डीबीआय अँटेना मिळून 39 होतात, म्हणजे मर्यादेबाहेर.

‘धावत्या गाडीत चालतं.’ दाव्याचा हा भाग पूर्ण खोटा आहे. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. दोन्ही अंगांना 200 मीटर रेंज धरली तरी एक राउटर चौदा सेकंद हाताशी असतो. त्यात नेटवर्क शोधणं, जोडणं, आयपी पत्ता (त्या नेटवर्कवरचा तुमचा क्रमांक) घेणं आणि मग लॉगिनचं पान. पुढच्या राउटरवर पत्ता बदलतो आणि कॉल तुटतो, डाउनलोड अडकतं. भर म्हणजे बरीच उपकरणं मागे पडलेल्या नेटवर्कला चिकटून राहतात आणि जवळचं चांगलं सोडतात.

‘पासवर्ड नाही, म्हणजे सर्वांसाठी.’ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 मालकाच्या परवानगीविषयी बोलतं, पासवर्डविषयी नाही. जुलै 2008 मधल्या अहमदाबाद स्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला आणि चौकशी त्या घरात राहणाऱ्याची झाली. पुढे फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफायवर वापरणाऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं केलं. म्हणून रेल्वे स्थानकावर ओटीपी लागतो. ओटीपीला चालू सिम लागतं, मग रिचार्ज सुटलं कुठे?

मग उपयोग कुठे? उभ्या गाडीत, परवानगी असलेल्या नेटवर्कवर: मुक्कामाचं हॉटेल, नातेवाइकांचं अंगण, स्वतःच्या सोसायटीचं पार्किंग. ‘विस्प’ किंवा रिपीटर मोड (बाहेरचं वायफाय पकडून आत पुन्हा वाटण्याची सोय) असलेला छोटा प्रवासी राउटर घ्या. लॉगिन एकदाच करावं लागतं आणि गाडीतले सगळे फोन त्याला जोडता येतात. आत-बाहेर एकच रेडिओ असेल तर वेग साधारण निम्मा होतो, म्हणून बाहेर 2.4 आणि आत 5 गिगाहर्ट्झ ठेवा. धावत्या गाडीसाठी सिमवाला फोर-जी राउटर आणि टपावर दोन घटकांचा मायमो अँटेना (दोन्ही घटकांनी एकाच वेळी सिग्नल घेणारा) हाच मार्ग. मोबाइल सिग्नलचा बूस्टर मात्र नको, खासगी माणसाला तो परवान्याशिवाय लावता येत नाही.

विजेचा हिशेब: 10 वॅटचा राउटर 12 व्होल्टवर सुमारे एक अँपिअर घेतो. रात्रभरात 45 अँपिअर-तासाच्या बॅटरीतले दहा जातात. निरोगी बॅटरी सकाळी स्टार्ट देईल, थकलेली कदाचित नाही. राउटर डॅशबोर्डवर ठेवू नका. बहुतेक घरगुती राउटर 40 अंशांपर्यंतच बनवलेले असतात, आणि बंद गाडीत काचेखाली मे महिन्यात तापमान त्याच्या बरंच वर जातं. सीटखाली, हवा खेळेल असा ठेवा.