बद्रच्या यादीत नसलेलं नाव

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात मुसलमानांच्या जुन्या ग्रंथांवरून जुंपली. एकाने लिहिलं, 'त्यांचे जुने ग्रंथ खलिफांनी हवे तसे लिहून घेतलेत, सगळी बनवाबनवी.' दुसऱ्याचं उत्तर, 'एक अक्षरही बदललेलं नाही.' इथे नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये बसून ते वाचताना मला दोघांचंही वाईट वाटलं. कुराणाची गोष्ट वेगळी. मी बोलतोय ते पैगंबरांच्या चरित्रग्रंथांबद्दल.

पहिलं मोठं चरित्र इब्न इसहाकचं. अब्बासी खलिफा मन्सूरचा त्याला आश्रय होता आणि 767 च्या सुमारास तो बगदादला वारला. त्याचा मूळ ग्रंथ आज सलग मिळत नाही. आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः इब्न हिशामने पुढे संपादित केलेली प्रत. काही मजकूर बोलायला लाज वाटेल असा, काही विशिष्ट लोकांना दुखावणारा, म्हणून वगळला, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे.

आता पैगंबरांचे अनुयायी आणि मक्केकर यांच्यातली बद्रची लढाई घ्या, सन 624. पैगंबरांचे काका अब्बास तेव्हा मक्केच्या बाजूने आले होते आणि पकडले गेले. इब्न हिशामच्या कैद्यांच्या यादीत मात्र त्यांचं नाव नाही. 750 पासून गादीवर होते ते याच अब्बासांचे वंशज! दरबाराची भीड पडली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. पण गंमत पुढेच आहे. इतिहासकार तबरीनेही अब्बासींच्याच बगदादमध्ये बसून इतिहास लिहिला, आणि त्याने इब्न इसहाकच्याच हवाल्याने अब्बासांची कैद, सुटकेसाठी मोजलेले पैसे, सगळं नोंदवलं. म्हणजे राजसत्तेचा हात फिरला हे खरं, आणि त्याच सत्तेखाली दुसऱ्याने गाळलेलं जपलं हेही तितकंच खरं.

तबरीच्या इतिहासाची मोठी आवृत्ती 1879 ते 1901 या काळात इथेच, लायडनला छापली गेली. चिपळूणचा माझा सहकारी लहानपणी मदरशात अरबी शिकलेला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याने एक खंड उघडला आणि पानाच्या तळाशी बारीक टायपात छापलेल्या ओळींवर बोट ठेवलं. "हे बघ, कुठल्या हस्तलिखितात काय वेगळं आहे ते."

"म्हणजे पाठभेद," मी म्हटलं.

आजोबांच्या ज्ञानेश्वरीमुळे हा शब्द माझ्या ओळखीचा. नाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांतरात शिरलेले अबद्ध पाठ शोधूनच, आणि तसं त्यांनी ओवीत लिहूनही ठेवलं. त्यावरून ज्ञानेश्वरी खोटी ठरते, असं आपल्यात कुणी म्हणत नाही. मग दुसऱ्यांच्या ग्रंथावर तोच न्याय लावताना आपली जीभ का अडखळते?

इब्न हिशाम आणि तबरी मराठीत शेजारी शेजारी छापलेले मला वाचायचेत. बद्रचं एक प्रकरण मिळालं तरी चालेल. ते ग्रुपवर टाकेन, दोघांसाठीही.