कूळ एक, म्हणून औषध एक?

परवा खानापूरला आत्याकडे गेले, तर ओट्यावर ताटलीत धुतलेली पानं. लांब, चिवट, मधोमध फिकी शीर. कण्हेर! गॅसवर पाणी उकळत होतं. "डीएनए तपासून सिद्ध केलंय गं, कण्हेर आणि सदाफुली एकाच कुळातल्या. मग सदाफुलीसारखा कण्हेरीचाही साखरेवर काढा चालतोय की. सगळ्यांना आलाय मेसेज." मी आधी गॅस बंद केला, मग मेसेज वाचला.

कूळ एक आहे, खरंय. पण त्यात डीएनएचं नवल काय? ज्युस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने फुला-फळांवरून १७८९ सालीच हे कूळ मांडलं होतं. डीएनएमुळे त्यात भर पडली ती रुईच्या कुळाची. ते पूर्वी वेगळं धरत. ही तपासणी करताना पानातल्या आरबीसीएलसारख्या जनुकांची अक्षरं जुळवून बघतात. त्यातून कळतं पूर्वज कोण. पानात विष किती, हे त्यातून कळत नाही. सदाफुलीतून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध रक्ताच्या कॅन्सरवर डॉक्टर शिरेतून देतात, तेही मोजूनमापून. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हे विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं आणि पानं उकळून ते जात नाही. पिवळी कण्हेर, आपली बिट्टी, तीही तशीच विषारी. टोमॅटो, वांगं आणि धोतरा एकाच कुळातले आहेत. मग धोतऱ्याची भाजी करायची का? आत्याला हे लगेच पटलं. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही सुचू नये?

पुढे मेसेजमध्ये म्हणे, 'झाडांची शास्त्रीय नावं बदलली म्हणजे नर्सरीवाले डीएनए बदललेली रोपं विकतात.' साफ खोटं. स्नेक प्लांट सान्सेव्हिएरिया या प्रजातीतून ड्रसीना या प्रजातीत गेला तो कागदावर. कुंडीतलं रोप तेच. पाटीवर बेळगावचं बेळगावी झालं, म्हणून खडेबाजार हलला का?

'कमळ आणि वॉटर लिली नात्यातल्या नाहीत', हे तेवढं बरोबर. जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात त्या एपीजी वर्गीकरणात, २०१६ च्या चौथ्या आवृत्तीतही, कमळ चिनाराच्या गणात, म्हणजे कुळांच्या मोठ्या गटात, आहे. पण त्याच वर्गीकरणात औषधाचा एक शब्द नाही.

आत्याने पानं परसात टाकायला घेतली. मी म्हटलं, "तिथे नको, शेळी बांधलीय." शेवटी आम्ही खड्डा काढून पुरली. मेसेज पाठवणाऱ्या मावशींना मी तिथूनच फोन लावला. त्यांच्याकडे काढा करून झाला होता, प्यायचा राहिला होता.