परीची पावली

आमच्या घराण्यात दात पडणं हा बिनखर्चाचा कार्यक्रम होता. पडलेला दुधाचा दात मुठीत घ्यायचा, ‘उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे’ म्हणत कौलांवर भिरकवायचा आणि तसंच बोळकं घेऊन पोहे-जलेबीवर बसायचं. मागणीही योग्य ठिकाणी जायची, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच राहतात.

यंदा चिरंजीवांचा दात हलू लागल्याची बातमी टोरांटोला पोचली आणि आत्याचं पाकीट आलं. आत देखण्या पुठ्ठ्यात बसवलेलं कॅनडाच्या टांकसाळीचं २५ सेंटचं नाणं. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला दातवाली परी. साल २०११. त्याच वर्षीच्या जूनअखेरीस आपल्याकडे चार आणे चलनातून बाद झाले होते. आपण पावली मोडीत काढली आणि त्यांनी तिच्यावर परी बसवली!

तिकडची रीत अशी की दात उशीखाली ठेवायचा, रात्री परी येऊन तो नेते आणि पैसे ठेवून जाते. आईने तिथेच हात झटकले. “पडलेला दात अंथरुणात? शी!” मी सांगितलं, स्पेन-फ्रान्सात तर उंदीरच येतो आणि तोही पैसे ठेवतो. आई म्हणाली, “म्हणजे आपलाच मामा. तिकडे जाऊन सुधारला.”

चिरंजीवांची शंका वेगळीच. “नाणं तर आपल्याकडे आहे. मग परी येऊन काय ठेवणार?” यावर सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

नाणं उशीखाली ठेवायची वेळ आली तेव्हा बाबा आडवे आले. त्यांच्या कपाटात होळकरांचे सूर्यछाप रुपये आहेत, आणि त्यांना आम्हीसुद्धा लांबूनच नमस्कार करतो. “पुठ्ठा फाडला की किंमत गेली. हात लावायचा नाही. ठेवून द्यायचं, भाव वाढतो.” नाणं कपाटात गेलं. साधारण पंधरा रुपयांच्या ऐवजाला गोदरेजचं कुलूप!

उरला मामा. पण इंदूरच्या सुदामा नगरातल्या फ्लॅटला कौलं कुठून आणणार? गच्चीवर सोलरच्या काचा. मी चिरंजीवांना गॅलरीत नेऊन तालीम म्हणून एक शेंगदाणा भिरकवला, तर खालून आवाज आला, “भिया, ऊपर से क्या फेंक रिये हो?”

दात पडला तो शनिवारी, भुट्ट्याचा कीस खाताना. चिरंजीवांनी तो धुतला, पुसला, शर्टाच्या जादा बटणाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टी लावली. मी बघायला मागितला तर हात मागे घेतला.

“हात नाही लावायचा, किंमत जाते. आणि आजोबा, कपाटात जागा ठेवा. अजून एकोणीस यायचेत.”