‘पाचशेच्या चलानासाठी कोर्टात कोण जातंय?’ जो चुकलाच नाही, त्यानं जावं

सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय: ‘ई-चलान चुकीचं आलं तरी गप भरून टाका. कोर्टात गेलात तर वकिलाला पाच हजार, दंड पाचपट, नावावर गुन्हा आणि पासपोर्ट बंद. फोटो निघाला म्हणजे सुटका नाही. भरलं की विषय संपला.’ पाठवणारे माझ्या ओळखीचे आहेत, भल्यासाठीच सांगतात. पण मेसेज बहुतांश चुकीचा आहे आणि त्यातलं शेवटचं वाक्य सरळ नुकसान करणारं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

भरलं की विषय संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली आपण चलानाची रक्कम भरतो, ती तडजोड असते. 2019 च्या दुरुस्तीत या कलमाला एक परंतुक, म्हणजे जोडअट, लावलं गेलं: तडजोड झाली तरी तो गुन्हा आधी एकदा घडलाय असंच धरायचं, म्हणजे पुढचा तसाच गुन्हा दुसरा ठरतो. ज्या चुकांना कायद्यात वेगळा दंड नाही, त्यांच्यासाठीच्या कलम 177 मध्ये पहिल्या वेळी दंड 500 पर्यंत आहे, त्यानंतर 1500 पर्यंत. न केलेल्या चुकीचे पाचशे आज मुकाट्यानं भरले आणि वर्षभरानं खरोखर एकदा तीच चूक झाली, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही दुसऱ्यांदा चुकलेले असता. कटकट नको म्हणून भरणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही.

‘दंड पाचपट’ हा आकडा कुठून आला कोण जाणे. कलमात लिहिलेल्या कमाल रकमेच्या वर कोर्टाला जाता येत नाही. विनाहेल्मेटचं चलान आपल्याकडे 500 चं येतं, कायद्यात दंड 1000 आहे. गुन्हा सिद्ध झाला तर कोर्ट हजार लावू शकतं, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. त्यामुळे हेल्मेट खरंच नव्हतं, तर चलान भरा. मी बोलतोय ते ज्याची चूक नव्हती त्याच्याबद्दल.

आता फोटोचं. माझी राखाडी मोपेड रोज विश्रामबाग ते मार्केट यार्ड एवढीच फिरते. तिच्या नंबरावर परजिल्ह्यातलं विनाहेल्मेटचं चलान आलं, वेळ दुपारी पावणेएकची. त्या वेळी गाडी आमच्या अडत दुकानासमोर, हळदीच्या पोत्यांना टेकून उभी होती. मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. काळ्या टाकीची मोटारसायकल, वर दोघं जण, आणि नंबरप्लेटवर शेवटच्या 3 च्या उघड्या बाजूला नेमका एक गंजका स्क्रू. तो 3 आठ म्हणून वाचला गेला होता आणि माझ्या गाडीच्या नंबरात शेवटी 8 आहे.

ऑनलाइन तक्रार केली, ‘चलान योग्य आहे’ एवढंच उत्तर आलं. मी पैसे भरले नाहीत. समन्स आल्यावर एसटीनं गेलो. ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘नाही साहेब.’ दुसऱ्या तारखेला आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, पुढे ठेवली. न्यायाधीशांनी फोटोतली गाडी पाहिली, आरसीवरचा वाहनाचा प्रकार वाचला, सरकारी वकिलांना विचारलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी सुटलो. बाकावर बसून वाट पाहण्यात दोन दिवस गेले, कोर्टापुढचं सगळं काम दहा मिनिटांचं.

फोटो हा पुरावा आहे, निकाल नव्हे. कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्रानं 2021 मध्ये नियम 167अ आणला. त्यात गाडीचा नंबर आणि गुन्हा दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम हे सगळं मागितलंय. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, पुढे कॅमेरा असल्याची पाटी हवी, नोटीस गुन्ह्यापासून 15 दिवसांत निघायला हवी. ज्या शहरांसाठी हा नियम आला, त्यांच्या यादीत सांगलीही आहे. यातलं काय नाही, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

वकील लागतोच असं नाही. मी नेला नव्हता. आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. धीर होत नसेल तर विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

पासपोर्टचं भय मुलांना जास्त आहे, विशेषतः परदेशी जायच्या तयारीत असलेल्यांना. शिक्षा झाली म्हणून पासपोर्ट नाकारायचा, तर कायद्याला नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांचा कारावास लागतो. हेल्मेटचा दंड त्यात बसत नाही. कोर्टात खटला प्रलंबित असेल तर मात्र वेगळ्या कलमाखाली पासपोर्ट अडू शकतो, म्हणून समन्स आल्यावर घरी बसू नका, तारखेला जा.

परगावचं चलान असेल तर त्रास खरा आहे. खटला गुन्ह्याच्या जागी चालतो, आणि साताऱ्याच्या चलानासाठी सांगलीहून दोनदा जाणं रोजंदारीच्या माणसाला परवडत नाही. म्हणून आधी वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार करा, सोबत आरसी आणि गाडीचा मागून काढलेला फोटो जोडा. चलानावरच्या फोटोचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि लोकअदालतीत निम्म्यात मिटवतो म्हणून निघाला असाल, तर एक लक्षात घ्या: तिथं तुम्ही बरोबर की चूक हे ठरत नाही, तडजोड होते, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही.