‘पहिल्याच आठवड्यात धाक बसवा’: नव्या हवालदारांसाठी फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

महू आणि इंदूर येथील मराठी फौजी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या ‘नव्या हवालदाराचे सहा नियम’ असा एक संदेश फिरत आहे. पहिल्याच आठवड्यात एखाद्याला सर्वांसमोर रगडा (शारीरिक कष्टांची शिक्षा) लावून धाक बसवा. जुन्या मित्रांशी संबंध तोडा. आज्ञेचे कारण सांगू नका. स्वतः हात न लावता काम करवून घ्या. ‘मला माहीत नाही’ असे कधी म्हणू नका. आणि सेक्शनमधील, म्हणजे हवालदाराच्या हाताखालच्या सुमारे दहा जवानांच्या तुकडीतील, कुरबूर साहेबांपर्यंत जाऊ देऊ नका, असे ते सहा नियम असून, ही शिस्त ‘शिवकालापासून चालत आलेली’ आहे असा दावा शेवटी जोडलेला आहे. मी सुभेदार म्हणून निवृत्त होऊन इंदुरात राहतो. नुकत्याच हवालदारीच्या तीन फिती लागलेली मुले सुट्टीवर आली की हाच संदेश दाखवून ‘काका, हे खरे का?’ असे विचारतात, म्हणून एकेक नियम घेऊन उत्तर देतो.

पहिला नियम नुसता वाईट नाही, तर नव्या हवालदाराला गोत्यात आणणारा आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ८० मध्ये जवानाला संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे कोर्ट मार्शल न भरवता, देता येणाऱ्या शिक्षा मोजून दिल्या आहेत आणि जादा गार्ड किंवा जादा ड्युटी हीदेखील त्यांत येते. ती देण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरचा किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या अधिकाऱ्याचा आहे, सेक्शन कमांडरचा, म्हणजे हवालदाराचा, नाही. उलट कलम ४७ नुसार हाताखालच्या माणसावर बळाचा गुन्हेगारी वापर करणारा किंवा त्याला अन्य प्रकारे छळणारा कोणीही, अगदी नॉन-कमिशन्ड ऑफिसरसुद्धा, कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरल्यास सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र होतो. ‘आमच्या वेळी सगळेच करत होते’ हे उत्तर कोर्टात चालत नाही. बरे, धाक बसवण्याची एवढी निकड तरी कशासाठी? कलम ४१ प्रमाणे वरिष्ठाची कायदेशीर आज्ञा मोडणे हा मुळातच गुन्हा आहे आणि या कायद्यातील ‘वरिष्ठ’ या व्याख्येत हवालदारही येतो. ज्याच्या शब्दामागे एवढा मोठा कायदा उभा आहे, त्याने आपली जरब दाखवण्यासाठी पहिल्याच आठवड्यात एक बकरा शोधावा, यातून सेक्शनला त्याच्या मनातली भीती कळते, ताकद नव्हे.

मित्र तोडण्याचा नियम लिहिणाऱ्याला पलटणीची रचना ठाऊक नसावी असे वाटते. आपल्याकडे पायदळाचा जवान बहुतेक सारी नोकरी एकाच पलटणीत काढतो, त्यामुळे ज्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपलो, ज्यांच्या घरच्या लग्नकार्यांना गेलो, त्यांच्यावरच हुकूम चालवायची वेळ येते. तिथे ओळख पुसता येत नाही आणि पुसल्याचे सोंग कोणाला पटत नाही. त्या नियमात तथ्य आहे ते इतकेच की, उधार-उसनवारी थांबली पाहिजे आणि गार्डची पाळी व सुट्टीचा क्रम मैत्रीवर ठरता कामा नये. पाळ्यांचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावला आणि त्यात मित्राचे नाव दिवाळीच्या रात्रीही आले, की वेगळे काही जाहीर करावे लागत नाही. खरी अवघड गाठ मित्राची नसतेच. ती असते मागे राहिलेल्या सिनियरची, ज्याची बढती हुकली आणि ज्याला आता कालच्या ज्युनियरला ‘हवालदार साहेब’ म्हणावे लागते. संदेशात त्याच्याविषयी चकार शब्द नाही. त्याला एकांतात गाठून, एलएमजी (हलकी मशीनगन) असो की फील्डक्राफ्ट (रणभूमीवर लपतछपत हालचाल करण्याचे कसब), त्याचा हात ज्यात बसलेला आहे ते काम सेक्शनला शिकवण्याची जबाबदारी विनंती करून द्यावी, असे मी मुलांना सांगतो. तो राजी झाला तर निम्मे काम झाले, आणि रुसला तरी त्याचा मान राखला गेलेला असतो.

आता कारण न सांगण्याचा नियम आणि शिवकालाचा दाखला एकदमच तपासू. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून शिवाजी महाराजांनी पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे, आणि ‘शिवकालापासून’ म्हणणाऱ्यांनी निदान तेवढे तरी वाचायला हवे होते. वैरण आणि दाणा पावसाळा संपेपर्यंत पुरवून वापरा, रयतेला उपद्रव देऊ नका, रात्री दिवे जळत ठेवू नका, अशा त्यात आज्ञा आहेत. पण आज्ञेवर पत्र थांबत नाही. दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, वैरण गेली की घोडी मरतील, आणि मग कोणाच्या माना मारल्या तरी वैरण काही परत मिळणार नाही, असा सगळा कार्यकारणभाव महाराज उलगडून सांगतात. ज्यांना नुसता हुकूम पुरला असता, त्यांनी उंदराच्या वातीपर्यंत जाऊन हवालदाराला कारण समजावले, ते उगीच नव्हे, कारण रात्री पागेत महाराज नसतात, हवालदार असतो. गोळीबार चालू असताना ‘का’ विचारायला वेळ नसतो हे मान्यच. म्हणून तर सरावात आणि रोल कॉलला कारणे सांगून ठेवायची असतात.

हात न लावण्याचा नियम इतिहासात टिकत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांचे सेक्शन मशीनगनच्या माऱ्यात सापडले आणि त्यांच्याखेरीज सारे ठार किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच त्या मशीनगनवर चालून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९६५ मध्ये असल उताड येथे जीपवरच्या रिकॉइललेस गनने रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद हुद्द्याने कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे रसद आणि भांडार सांभाळणारे. गन चालवायचा सराव त्यांनी मोडू दिला नव्हता. मात्र सगळे स्वतःच करत सुटणारा हवालदारही फसतो, कारण मग त्याचा टूआयसी (सेक्शनमधला दुय्यम) काहीच शिकत नाही.

‘माहीत नाही’ न म्हणण्याविषयी फार लिहायला नको. निशाण्याचे अंतर कळत नसताना ठोकून दिलेला आकडा पहिल्या फैरीतच उघडा पडतो.

शेवटचा नियम मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वरकरणी निष्ठेसारखा दिसतो. वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटल्यास आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे दाद मागण्याचा हक्क जवानाला कलम २६ ने दिला आहे आणि अर्जी रिपोर्टची (अधिकाऱ्यासमोर जाऊन आपली अडचण मांडण्याची) वाट पलटणीत त्याचसाठी आहे. ती अडवणे हवालदाराच्या हातात नाही. शिवाय बहुतेक कुरबुरी हवालदाराविरुद्ध नसतातच. गावाकडे भावाने बांध कोरलेला असतो, बायको आजारी असते, मुलीची फी थकलेली असते. अशा वेळी पलटणीचे पत्र जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जाऊ शकते; हवालदार स्वतः ते पाठवू शकत नाही, पण प्लाटूनच्या सुभेदार साहेबांच्या कानावर त्याच संध्याकाळी घालू शकतो. न घातल्यास तोच जवान घरचा फोन आल्यानंतरची रात्र भरलेली रायफल घेऊन पहाऱ्यावर एकट्याने काढतो, आणि त्या रात्रीच्या गार्डचा तक्ता हवालदारानेच बनवलेला असतो.