मेलेलं जनावर नेमकं कोणतं, ते तरी बघा

नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यात हायवेवर काहीही चिरडलं की ग्रुपवर फोटो पडतो आणि खाली ठरलेली ओळ: 'बिबट्याचं पिल्लू!' बऱ्याचदा ते उदमांजर नाहीतर रानमांजर असतं. अहो, नीट बघा ना. उदमांजराचं तोंड निमुळतं आणि शेपूट जवळपास अंगाएवढी. रानमांजराची शेपूट आखूड, टोकाला काळी वलयं, कानांच्या शेंड्यांवर काळे केस. अंगावर पट्टे आणि पाठ मागे उतरती, तर ते तरस.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. कोण मेलंय त्यावर फोन कुणाला करायचा ते ठरतं. गाय-बैल असेल तर कानातला पिवळा बिल्ला बघा. त्यावरच्या १२ आकडी नंबरावरून पशुवैद्यकीय दवाखान्यात मालकाची नोंद सापडू शकते. वन्यप्राणी असेल तर १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो. बिबट्या असेल तर पंचनामा होतो, डॉक्टर शवविच्छेदन करतात, नखं, दात, मिशा जागेवर आहेत का ते तपासतात आणि मृतदेह पंचांसमोर जाळतात. त्यामुळे 'एक नख लॉकेटला' म्हणणाऱ्या बहाद्दरांनी सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा हिशेब आधीच करून ठेवावा.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. कुत्रं, मुंगूस, साप, घुबड, सगळं एकाच फावड्यानं उचलून कडेच्या चारीत. नोंद शून्य. पेंचजवळ नागपूर-जबलपूर हायवेखाली प्राण्यांसाठी भुयारी मार्ग झाले आणि वाघसुद्धा त्यातून जातात. आपल्याकडे तसं काही मागायचं तर प्राणी नेमके कुठून रस्ता ओलांडतात ते दाखवावं लागेल, आणि तो पुरावा आपण रोज चारीत ढकलतोय. उचलणाऱ्या माणसाच्या वहीत प्राणी, किलोमीटरचा दगड आणि वेळ एवढे तीन रकाने असले तरी खूप झालं. त्याला हातमोजेही द्या. उघड्या हातानं काम करून घेतो आपण त्याच्याकडून, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ काही कपाळावर लिहून येत नाही.

आणि फोटो काढणाऱ्यांनो, गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर लावा, फोटोत किलोमीटरचा दगड येऊ द्या. साप असेल तर काठीनंसुद्धा ढोसू नका. मेलेल्या घोणसाचं तोंडही काही वेळ चावू शकतं.