'द डेडली असॅसिन'बद्दलच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. तुम्ही विचार करून, सविस्तर लिहिलं आहे, तेव्हा मीही दोन ओळींत आटपत नाही. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतल्या 'द डेडली असॅसिन' या 1976च्या चार भागांच्या कथेला मी अभिजात म्हटलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं असं: तेव्हा ब्रिटनमध्ये तीनच वाहिन्या होत्या, त्यामुळे 1 कोटी 20 लाख प्रेक्षक या आकड्याला काही अर्थ नाही, या कथेवरून बीबीसीलाच नमतं घ्यावं लागलं, आणि खुद्द चाहत्यांनी ती झिडकारली होती, आजचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन.

प्रेक्षकसंख्येचं आधी उरकतो. आकड्यावरून दर्जा ठरत नाही, हे मान्यच. 1979च्या 'सिटी ऑफ डेथ'चा शेवटचा भाग 1 कोटी 61 लाख लोकांनी पाहिला, कारण संपामुळे आयटीव्ही ही प्रतिस्पर्धी वाहिनी बंद होती. पण 'लोकांना पर्यायच नव्हता' हे खरं नाही. 1980मध्ये आयटीव्हीने त्याच वेळेला 'बक रॉजर्स' ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका लावली, तेव्हा डॉक्टरचे प्रेक्षक निम्म्याहून कमी झाले. वाहिन्या तेव्हाही तीनच होत्या. 1976मध्ये लोक टिकून राहिले ते आपल्या मर्जीने.

बीबीसीचा मुद्दा जास्त गंभीर आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी कथेतला खलनायक गॉथ डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबून धरतो आणि चित्र तिथेच गोठतं. टीव्हीवरच्या हिंसा-अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांची तक्रार अशी होती की लहान मुलं आठवडाभर हेच चित्र मनात घेऊन वावरतील. त्यांच्या एकूण मोहिमेशी माझं जमत नाही, पण हे निरीक्षण अचूक आहे. गोठलेली चौकट नेमकं तेच करते, आणि दिग्दर्शक डेव्हिड मलोनी यांना तेच साधायचं होतं. बीबीसीचे महासंचालक चार्ल्स करन यांनी आक्षेप अंशतः मान्य केला, मूळ टेपमधूनच ते दृश्य कापलं गेलं, पुढे निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांना दुसऱ्या मालिकेवर धाडलं आणि त्यांच्या जागी आलेल्या ग्रॅहम विल्यम्स यांना हिंसा कमी करायला सांगितलं. हे सगळं घडलं. पण त्यातून संस्था किती दबावाखाली होती ते कळतं. कथा कशी होती ते कळत नाही. शनिवारी संध्याकाळी पाच वर्षांच्या मुलाने हे पाहावं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि माझं उत्तर 'एकट्याने नको' असंच आहे. तेवढ्याने ती कथा वाईट ठरत नाही.

आता चाहत्यांचा राग. मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो हाच मुद्दा. डॉक्टर हू अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी या चाहत्यांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जॅन व्हिन्सेंट-रुड्झकी यांनी या कथेची चिरफाड केली होती. 1969च्या 'द वॉर गेम्स' या कथेत टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टर ज्यांच्यातून पळून आला ते त्याचे कालप्रवासी जातभाई, पहिल्यांदा दिसले ते जवळजवळ देवांसारखे, थंड आणि सर्वशक्तिमान. या कथेचे लेखक रॉबर्ट होम्स यांनी त्यांचे केले कुरकुरणारे म्हातारे, झग्यांची आणि मानपानाची चिंता करणारे. ज्यांनी सात वर्षं त्या देवांवर जीव लावला होता, त्यांना हा विटाळ वाटला. हा राग प्रेमापोटीचा होता. त्याला मी कधीच मूर्खपणा म्हणणार नाही.

तरीही होम्स बरोबर होते. मास्टर, ओमेगा, मॉर्बियस हे मालिकेतले सगळे खलनायक याच थोर समाजात निपजलेले. असा समाज आतून सडलेला नसेल तर डॉक्टर तिथून पळाला कशाला? शेवटी बोरुसा हा ज्येष्ठ टाइम लॉर्ड काय करतो ते आठवा: राष्ट्राध्यक्षाचा खुनी असलेल्या गॉथला तो लोकांसमोर हुतात्मा ठरवतो आणि सत्य 'जुळवून' घेतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तो प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो, पाण्याखालच्या त्या दृश्यापेक्षा जास्त.

आणि स्मरणरंजन म्हणाल, तर पुढच्या लेखकांनी काय उचललं ते बघा. टाइम लॉर्ड समाजाचा संस्थापक रॅसिलॉन, मृत टाइम लॉर्डांच्या स्मृती साठवणारं मॅट्रिक्स, टाइम लॉर्डला बाराच वेळा नवं शरीर घेता येतं ही पुनर्जन्मांची मर्यादा, सगळं इथे पहिल्यांदा येतं. त्या मर्यादेवर तर 2013ची एक अख्खी कथा बेतली आहे. चाहत्यांना जे परकं वाटलं, तेच पुढे टाइम लॉर्डांच्या गॅलिफ्रे या ग्रहाचं अधिकृत रूप झालं.

कथेत उणिवा नाहीत असं नाही. सहचरी नसल्यामुळे डॉक्टरला पहिल्या भागात स्वतःशीच बोलत राहावं लागतं, आणि तो एकटेपणा पटकथेला जड जातो. पण तिसऱ्या भागात याचंच बळ होतं. इंग्लंडमधल्या बेचवर्थच्या खाणीत चित्रित झालेला, गॉथने केलेला डॉक्टरचा पाठलाग, वाळूखालून हसणारा विदूषक, रुळात अडकलेला पाय, डोक्यावर घिरट्या घालणारं विमान. बहुतेक सगळं संवादाविना. डॉक्टर साकारणाऱ्या टॉम बेकर यांना इतकं हतबल आणि इतकं चिवट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या प्रतिक्रियेत तिसऱ्या भागाचा शेवट 'अर्धवट' असल्याचं म्हटलं आहे. तुम्ही कापलेली प्रत तर पाहिली नाही ना? पुढे डीव्हीडीवर ते दृश्य परत जोडलेलं आहे. ती मिळवा, चारही भाग वेगवेगळ्या दिवशी पाहा, आणि मत तरीही तेच राहिलं तर जरूर लिहा.